खिडकीशी बोलणाऱ्या वहिनी

आमच्या मजल्यावरचे हिंदुराव एखादी वस्तू विकत घ्यायला निघाले की मी दार लावून घेतो. परवा उशीर झाला. दारात उभे राहून ते म्हणाले, "मास्तर, टायर बघायला जायचंय. तुमचे कान घेऊन या."

त्यांचे स्वतःचे कान अर्धे गेलेले आहेत. अंबरनाथच्या एमआयडीसीत त्यांनी पस्तीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या प्रेसच्या खात्यात काढली, शेवटची वीस इन्स्पेक्टर म्हणून. कानात घालायला कंपनी बुचं द्यायची, ती यांनी कधी घातली नाहीत. म्हणे, मशीन बिघडण्याआधी आवाज बदलतं, तो ऐकू यायला हवा. मशीन एकही बिघडू दिलं नाही, हे खरं आहे. माणूस हुशार, पण हट्टी इतका की माझं डोकं उठतं.

गाडी त्यांची पांढरी सेडान, नऊ वर्षांची, आणि तिचे टायर सहा वर्षांचे. ते निवडतानाही आठ दुकानं पालथी घातली होती. अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहायचं आणि जिथे रुतणार नाही तो टायर घ्यायचा, अशी त्यांची परीक्षा. टॅक्सीवाले घालतात तसला टणक टायर त्यांनी निवडला आणि वर्षभर मला त्याचं कौतुक ऐकवलं. तो टायर झिजला नाही, पण दीड-दोन वर्षांत घोंघावायला लागला. सिमेंटच्या रस्त्यावर तर गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. बेअरिंग गेलं असेल म्हणून हिंदुरावांनी गाडी जॅकवर घेतली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी लावलं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवली आणि चाक फिरवलं. बेअरिंग ठणठणीत होतं, दोष टायरचाच. पण न झिजलेली वस्तू फेकून देणं त्यांच्या रक्तात नाही.

मग आता अचानक काय झालं, असं मी जिन्यात विचारलं. ते दोन पायऱ्या उतरून थांबले.

"बकुळा गाडीत बोलायची बंद झाली, मास्तर."

दर रविवारी नवराबायको बदलापूरला लेकीकडे, शलाकाकडे जातात. घरी नातेवाईक, टीव्ही, शेजारी (म्हणजे मीच) यांतून वहिनींना बोलायला सवड मिळायची ती गाडीतच. शलाकाने वडिलांना कानाचं मशीन आणून दिलं. घरात ते चाललं, गाडीत मात्र बायकोच्या आवाजाबरोबर टायरचा घोंघाटही मोठा करून ऐकवू लागलं. हिंदुराव नुसते "हं, हं" करायचे. गेल्या पावसाळ्यात वहिनींनी सांगितलं, "सुदामला दवाखान्यात ॲडमिट केलंय." सुदाम म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. हिंदुराव म्हणाले, "हं, बरं झालं."

"सुदाम आता धडधाकट आहे," हिंदुराव म्हणाले. "पण त्या दिवसापासून ती मला काही सांगत नाही. खिडकीकडे तोंड करून पुटपुटते. ओठ हललेले दिसतात मला. मी दवाखाने करून बघितले, ह्यापेक्षा जास्त ऐकू येणार नाही. मग टायर तरी गप्प करतो."

मी मुकाट्याने गाडीत बसलो. मला वाईट वाटलं, आणि त्यांच्या त्या नखाच्या परीक्षेचा संतापही आला.

उल्हासनगर कॅम्प एकमधलं कमलेशचं दुकान म्हणजे पायऱ्यांपासून छतापर्यंत टायर. कमलेश सिंधी, पण मराठी फर्डं. हिंदुरावांनी आल्या आल्या टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला सुरुवात केली. त्यातले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आठ महिन्यांपेक्षा जुना माल त्यांनी बाजूला सारला. कमलेश हसत बघत राहिला.

"काका, साईं, दोनच चीज हैं," तो म्हणाला. "हा कडक, सत्तर हजार किलोमीटर आरामात. आणि हा नरम, चाळीस-पंचेचाळीस चालेल, पण आवाज नाही. दोन्ही एकात पायजे तर मग देवाकडे ऑर्डर द्या."

हिंदुरावांचा हात सवयीने कडक टायरवर गेला. नख टेकलंसुद्धा. मी म्हणालो, "अहो, जुना टायर किती झिजलाय?"

"अर्धासुद्धा नाही."

"आणि त्याच्या बाजूवर काय दिसतंय?"

बाहेर उभ्या त्यांच्या गाडीच्या टायरांवर बाजूने बारीक भेगा पडल्या होत्या. सहा वर्षांत गाडी फिरली पस्तीस हजार. उरलेलं रबर वयानेच वाळलं होतं. हिंदुराव बाहेर जाऊन त्या भेगांवरून बोट फिरवत राहिले. मग आत येऊन त्यांनी हात खिशात घातला.

"नरमवाला दाखव. पण नवा टायर कुठलाही गप्पच असतो. जुना झाल्यावर काय करतो ते बघायचंय."

कमलेशची स्वतःची गाडी समोर उभी होती, हेच टायर, तीस हजार चाललेले. त्याने किल्ली पुढे केली. कल्याण-बदलापूर रस्त्यावर आम्ही एक फेरी मारली. मी शेजारी बसून बोलत होतो, त्यांना शब्द न् शब्द समजत होता. मी म्हटलं, झालं, चला घरी. तर हे गाडी दुकानासमोर लावून मान हलवतात.

"नाही चालणार. तुमचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा. मोजायचं गेजच चुकीचं असेल तर माप काय कामाचं? थांबा, बकुळाला घेऊन येतो."

स्वतःच्या गाडीतून ते अंबरनाथला परत गेले. मी टायरच्या चळतीवर बसून तीन चहा प्यायलो आणि दर चहाला त्यांना एक शिवी दिली. सव्वा तासाने वहिनी उतरल्या त्या हाताला पीठ आणि कपाळाला आठ्या घेऊन.

"भाकरी तव्यावर होती हो, भावजी! काय, तर म्हणे गाडीत बसून बोल. मी काय रेडिओ आहे?"

कमलेशच्या गाडीत त्या पुढे बसल्या, मी आणि कमलेश मागे. गाडी सिमेंटवर आली. "बोल काहीतरी," हिंदुराव म्हणाले. वहिनी गप्प. "अगं, बोल ना." तरी गप्प. मग सवयीने त्यांचं तोंड खिडकीकडे वळलं आणि त्या काचेशी हळू आवाजात बोलू लागल्या. "इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवला होता. तरी घातला हा बोळा. चारचौघांत असं फिरायचं."

"त्याचं दुसरं बटण तुटलंय," हिंदुराव म्हणाले.

वहिनींची मान जागच्या जागी थांबली. मग त्या सावकाश वळल्या.

"काय म्हणालात?"

"इस्त्रीच्या शर्टाचं गं. दुसरं बटण. परवा सांगणार होतो तुला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडताहेत की हसताहेत ते मला मागून कळेना. कमलेशने शहाण्या माणसासारखं बाहेर बघितलं.

"ऐकू येतंय तुम्हाला?"

"येतंय."

"मग आता मला तोंड सांभाळून बोलायला हवं. ह्या खिडकीला मी काय काय सांगून ठेवलंय, तुमच्या बहिणीबद्दलसुद्धा!"

"नको सांभाळू," हिंदुराव म्हणाले. "तशीच बोल."

संध्याकाळपर्यंत चारही टायर बदलून झाले. दर पाच हजार किलोमीटरला मागचे पुढे, पुढचे मागे करायचे आणि हवा थंड टायरमध्ये तपासायची, हे कमलेशने दोनदा सांगितलं आणि हिंदुरावांनी त्याला चारदा.

त्या रविवारी त्यांनी मलाही बदलापूरला नेलं. मी मागे बसलो. वहिनींनी बिल्डिंगच्या गेटपासून जे सुरू केलं त्यात सुदामचं दुखणं होतं, मापात न बसलेला ब्लाउज होता, नणंदेची ती जुनी गोष्ट होती. हिंदुराव चाळीसच्या वर जाईनात, मागचे हॉर्न वाजवून दमले. मधून मधून ते "मग?" म्हणत. त्यांच्या तोंडून "हं" एकदाही आलं नाही.

शलाकाची बिल्डिंग आली. ती बाल्कनीतून हात हलवत होती. गाडी तिच्यासमोरून सरळ पुढे गेली, नाक्याला वळसा घालून परत आली आणि पुन्हा पुढे गेली. तिसऱ्या फेरीला माझा फोन वाजला.

"काका, बाबा घर विसरले का?" तिचा आवाज घाबरला होता.

"नाही गं," मी म्हणालो. "तुझ्या आईचं बोलणं अजून संपलेलं नाही."