दोन तासांच्या अंतरातला सुधाकर

सुधाकर गेल्याचा फोन त्याच्या ताईने केला, तेव्हा मी नांदेडला कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो. सकाळी अण्णांची कूस बदलून तो चहा ठेवायला गेला आणि ओट्यापाशी खाली बसला, तो उठलाच नाही. बावन्न वर्षांचा, चालण्यात मला कधी हाती न लागलेला माणूस! महिना उलटला तरी माझा राग जात नाही. त्यातला थोडा त्याच्यावर आहे, बाकीचा सगळा माझ्यावर.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. नऊ वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि सुधाकर पुण्यातली नोकरी सोडून अहमदपूरला आला. लग्न केलेलं नव्हतंच. घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचा आणि अण्णांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचा. म्हणजे याला बाहेर पडायला मिळायचे ते फक्त दोन तास. एक तास जायचं, घड्याळ बघायचं, असेल तिथून वळायचं. पुढे टेकडी असो की ओढा, तासाच्या पलीकडचं काही त्याने पाहिलंच नाही. आणि या गड्याचं स्वप्न काय, तर विष्णुपुरीच्या धरणापासून गोदावरीच्या काठाने थेट त्र्यंबकपर्यंत चालत जायचं! आम्ही दोघे विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हापासून हेच एक चाललेलं.

जाता येत नव्हतं म्हणून की काय, त्याने सगळा जीव बुटांत घातला. डोंगरात पळणाऱ्यांसाठी असतात ते हलके, जाळीचे बूट. मी घोट्यापर्यंतच्या भक्कम चामडी बुटांच्या बाजूचा. यावरून आम्ही फोनवर तासन् तास भांडलो आहोत. "जड बूट म्हंजे पायाला बेडी हाय गड्या," तो म्हणायचा. "पाणी आत आलं तर येऊ दे, पण त्याला बाहेर जायला वाट पाह्यजे." तळव्याचे दाते दाट असले की आपली काळी माती त्यांच्यात गच्च बसते आणि दहा पावलांत बूट किलोभर होतो, म्हणून दाते विरळ हवेत. जाळी आधी फाटते ती करंगळी वाकते तिथे. म्हणून नव्या बुटाला तिथे आधीच गोंदाचा पातळ थर द्यायचा. कुसळं घुसतात म्हणून पुढून सायकलच्या ट्यूबची पट्टी. हे सगळं त्याने एक तास जाऊन एक तास येत शोधलं होतं. गच्चीवर त्याने ट्रॉलीभर खडी टाकून घेतली होती. शेजारी विचारायचे, मजला चढवून राहिलेत का सर? हा खडीवर गोल गोल चालत म्हणायचा, "न्हाई, रस्ता करून राहिलो."

गोदावरीसाठीचा जोड मात्र वेगळा होता. सगळ्यात चांगला. पट्टी शिवून, गोंद लावून तो त्याने पत्र्याच्या खोलीत पेटीत ठेवला. सात वर्षं पायात घातला नाही. आपल्याकडे चांगली चादर पाहुण्यांसाठी ठेवतात तसा.

मग दोन वर्षांपूर्वी ताई लातूरहून महिनाभरासाठी आली आणि म्हणाली, "जा आता, मी हाय." आम्ही दोघे विष्णुपुरीहून निघालो. पहिला तास झाला तेव्हा तो सवयीने थांबला, घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहून हसला आणि पुढे चालू लागला... ते हसू मी विसरणार नाही. दुपारी उजव्या बुटाचा तळवा सुटला. थोड्या वेळाने डावाही. सात उन्हाळे पत्र्याखाली काढून गोंद मेला होता, आतला फोम बोटाने चुरत होता. बुटांतलं एवढं कळणाऱ्या माणसाला हे कळू नये? तो बांधावर बसून राहिला. "वापरायला पाह्यजे होते," एवढंच म्हणाला.

मी काय म्हणालो? "चल घरी." नांदेड मागे तासाभराच्या जीपवर होतं, तिथे बुटांची दुकानं होती, ताई महिनाभर होती. दुसरा जोड घेऊन सकाळी पुन्हा निघता आलं असतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. पण माझे गुडघे दुखत होते, मला माझी खाट आठवत होती, आणि मी गप्प राहिलो. तो संध्याकाळी अहमदपूरला पोचला. पुन्हा काही त्याचं निघणं झालं नाही.

मागच्या रविवारी अण्णांना भेटायला गेलो. ताई दारातच हळू आवाजात म्हणाली, "दोनदा सांगितलं रे त्यांना. रडतात, अन् सकाळी इसरून जातात. आता न्हाई सांगत."

अण्णांनी मला ओळखलं. "सुधा चालायला गेलाय," ते अडखळत म्हणाले. "कुठवर पोचला?"

मी ताईकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

"गंगाखेडच्या पुढं गेला, अण्णा."

"बूट?"

"चांगले हायत."

त्यांचा चेहरा उजळला. चालत्या हाताने माझं मनगट धरून त्यांनी मला जवळ ओढलं.

"फोन आला तर सांग त्याला," ते म्हणाले, "माघारी येऊ नको म्हणावं. आला की पुन्हा अडकल माझ्यापाशी."

"हाव, सांगतो," मी म्हणालो.