कागदातलं भोक

आमच्या शेजारचे काका मूळचे नागपूरचे, आता पेनसिल्व्हेनियातले शिकारी. मी कॅम्पसवर शिकारीविरुद्ध पत्रकं वाटते, हे त्यांना ठाऊक आहे. तरी धनुष्य जुळवायला घेतलं की मलाच हाक मारतात, "या, क्रांतिकारक, कागद लावून द्या."

गॅरेजमधल्या चौकटीवर मी कागद ताणून बाजूला होते. काका दोन पावलांवरून त्यातून बाण सोडतात. बाण सरळ गेला तर नीट भोक पडतं, शेपटी हलली तर कागद फाटतो. मग "हं, हं" करत ते बाण टेकायचा आधार केसभर सरकवतात. घाई कधीच नाही.

यंदा ऑफिसमुळे त्यांना हरणांच्या सीझनचा शेवटचा शनिवारच मिळाला होता. त्यांचा शिकारी मित्र बाहेर ट्रकमध्ये हॉर्न देत होता आणि कागद दर वेळी बोटभर फाटत होता.

"चल ना यार! हरीण काय पट्टी घेऊन मोजणारे?"

"पोटात लागला तर दोन दिवस तडफडेल रे ते. तू जा."

ट्रक गेला. काकांनी खिशातलं शिकारीचं परमिट काढून टेबलावर ठेवलं आणि धनुष्याकडे बघत बसले. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी चौकटीवर नवा कागद ताणला.

"काका, अजून सकाळच आहे. थोडं सरकवून बघा ना."