तारा कुठे बसायची?

सोमवार, ९ जून, सकाळी अकरा. दादरचं आमचं ऑफिस. हजर : प्रकाशक कारखानीस साहेब, लेखक सावंत सर आणि मी, संपादक. विषय एकच, सावंत सरांची कादंबरी.

साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. "सर, पहिले दोन भाग उत्तम. तिसऱ्यात तारा नुसती कजाग. ती तशी का, ते कुठेच नाही. एवढं सुधारा, नाहीतर यंदा छापता येणार नाही."

"ती तशीच होती," सर म्हणाले. "मी एक ओळ बदलणार नाही."

सर सहासष्ट वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले. ही पहिलीच कादंबरी, अकरा वर्षं लिहिलेली. गिरणगावातला भास्कर पाळी सुटल्यावर कामगारांना आपल्या खोलीत लिहायला-वाचायला शिकवतो. बायको तारा त्याच्या वह्या जाळते, मुलाला घेऊन कोकणात निघून जाते. तो दारूत संपतो. वाचताना अंगावर येतं. यंदा नाही म्हणजे कधीच नाही, हे तिघांनाही कळत होतं. सर हस्तलिखित पिशवीत भरायला लागले. मी आठ दिवस मागून घेतले.

मी प्रत्येक कादंबरीचा प्रसंगतक्ता करते. साधा कागद असतो : प्रकरण, दिवस, जागा, कोण हजर. लेखक विसरतात. गावाला गेलेला मामा पुढच्याच पानावर मुंबईत चहा पितो. तक्त्यात तो लगेच सापडतो.

भास्करच्या वर्गाचे एकोणीस प्रसंग निघाले. खोली दहा बाय बारा, विद्यार्थी वीस. तारा आणि चार वर्षांचा मुलगा राहतात त्याच खोलीत. 'तारा कुठे?' हा रकाना एकोणीसही वेळा रिकामा. आणखी एक गोष्ट खटकली. सरांच्या नजरेतून मोरीवरच्या तांब्याचा पोचासुद्धा सुटत नाही, पण वर्गातला एकही चेहरा त्यांनी रंगवलेला नाही. आहेत ते फक्त आवाज. कोणाचा खोकला, पाटीवरची पेन्सिल, भास्करचं एकेक वाक्य.

मी सरांना फोन केला. वर्ग चालू असताना तारा कुठे बसायची, एवढंच विचारलं.

 सर म्हणाले, "आईला विचारायला लागेल."

तारा म्हणजे सरांची आई. ही नोंद मी तक्त्यात केली नाही.

शनिवारी लालबागला गेले. सरांच्या लहानपणच्या चाळीच्या जागी टॉवर झालाय, सरांचं घर अकराव्या मजल्यावर. त्यांच्या आई, म्हणजे आजी, शहाऐंशीच्या, ताटात तांदूळ निवडत बसलेल्या. मी तोच प्रश्न विचारला, फक्त ताराऐवजी 'तुम्ही' म्हणून.

"खय म्हणजे? भायर. जिन्याखाली."

"रोज?"

"दोन वरसां. खोलयेत पाय ठेवक जागा खय होती?"

पावसाळ्यात काय करायच्या, असं मी विचारलं.

"पावस काय विचारून पडता?" मग सरांकडे हनुवटी करून म्हणाल्या, "ह्यो माज्या मांडयेर. बापाशीचा ऐकान ह्यो पण घोकी."

सर खिडकीपाशी उभे होते. "मला वाटायचं, मी वर्गात बसायचो," ते म्हणाले.

ज्या आवाजांवर त्यांनी अकरा वर्षं कादंबरी उभी केली, ते त्यांनी दाराबाहेर, आईच्या मांडीवर बसून ऐकले होते.

वह्यांचं सरांनीच विचारलं. आजींचा हात तांदळात थांबला नाही.

"जाळलंय. तुका ताप इल्लो. पाणी तापवूचा होता, घरात दुसरा काय नव्हता. परत जाळीन."

सहा आठवड्यांनी सरांनी नवं प्रकरण आणून दिलं, 'जिन्याखाली'. भास्करचा शेवट तसाच काळा आहे. तो बदला असं आमचंही म्हणणं नव्हतं. पण आता तो बुडताना कोणाला ओढून नेतो, तेही दिसतं. साहेबांनी रात्रीत वाचून काढलं आणि सकाळी म्हणाले, "प्रेसला द्या."

यातून मी घेतलेला धडा छोटा आहे. कादंबरीत कोण वाईट ते ठरवण्याआधी कोण कुठे बसलंय ते बघावं.

पुस्तक आता तयार आहे, पान पाच सोडून. तिथे अर्पणपत्रिका यायची आहे. सरांनी 'आईस' असं लिहून दिलं होतं. आजींनी अडवलं : "पयलां वाचून दाखय. मगे नाव घाल."

तेव्हापासून सर रोज दुपारी जेवण झाल्यावर त्यांना वाचून दाखवतात. भास्करला त्या मधूनमधून शिव्या घालतात म्हणे, आणि पुढे वाच म्हणतात. प्रेस थांबलंय, म्हणून मी रोज फोन करून पान विचारते. 'जिन्याखाली' १८३व्या पानावर सुरू होतं. गेले तीन दिवस सर १८२वर आहेत. घसा बसलाय म्हणतात.