मास्टरांनी कॉम्प्युटरला शिवलेला झगा

मास्टरांच्या घरात उघडं म्हणून काही राहत नसे. मिक्सरला खोळ, खोळीला खिसा, खिशाला बटण. गिऱ्हाइकांचे कपडे शिवून उरलेल्या तुकड्यांत त्यांनी सगळं घर मापून झाकलं होतं. लेकीच्या कॉम्प्युटरच्या डब्याला तर करड्या सुटाच्या कापडाचा, अस्तर लावलेला झगा होता. पंख्यापाशी जाळी, मागच्या वायरी बाहेर काढायला एक बाही, पुढे दोन काजं. बाकी चहूबाजूंनी शिवण बंद.

"धूळ शिरायला जागाच नको," मास्टर म्हणत.

"आणि शिरलीच तर बिचारीनं बाहेर कुठून पडायचं?" बायको विचारी.

आज त्यातल्या एका काजातून लेकीनं आपली डिस्क जोडली होती. दोन वर्षं खपून तिनं एक कार्टूनपट काढला होता. तो संध्याकाळी दुसऱ्या गावी निवड समितीसमोर लागायचा होता. फाइल एवढी अगडबंब, की इंटरनेटवरून जाता जाईना. खाली भाड्याची गाडी येऊन उभी. आणि पडद्यावर काय, तर उरलेला वेळ नऊ तास!

"बाबा, बंद करून चालू केला, दुसरं भोक बघितलं. ढिम्म हलत नाही!"

मास्टरांनी गळ्यातली टेप काढली. "सरक. कुठे आवळतंय बघू."

"अहो बाबा, ते गिऱ्हाईक नाहीये!"

"बगलेत तंग झालं की माणूसही हळू चालतो." त्यांनी डब्याच्या छातीचं माप घेतलं. "हात वर..." म्हणाले, आणि थांबले.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात पाटी उगवली: हे उपकरण याहून वेगात चालू शकते, वेगवान पोर्टला जोडा.

"हां! पुढची काळी भोकं जुनी आहेत," लेक म्हणाली. "मागे दोन निळी होती, ती वेगवान. कुठे गेली?"

मास्टर सुईत दोरा ओवू लागले.

"बाबा?"

"रिकामी होती ना ती."

"मग?"

"अस्तराखाली गेली. रिकाम्या भोकाला काज कोण करतं?"

"घ्या कात्री आणि पाडा भोक," बायको म्हणाली.

"भोक? माझ्या कापडाला?" मास्टर ताठ झाले. "काज होईल."

त्यांनी इवलीशी चीर दिली मात्र, लेकीनं तिच्यातून डिस्कची पिन आत कोंबून निळ्या पोर्टात बसवली. नऊ तासांची अकरा मिनिटं झाली! लेक टुणकन उडाली. मास्टरांनी मात्र चिरेच्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून तिथल्या तिथे, केबलभोवतीच, टाके घालायला घेतले. ड्रायव्हर बघायला वर आला, तर त्याच्या हातात रीळ आलं.

"ताई, निघायचं ना?"

"हलू नका," मास्टर म्हणाले. "दोरा गुंततो."

फाइल उतरली आणि काजही झालं. लेकीनं केबल ओढली. येईना. काज केबलच्या मापाचं, पिनेचं डोकं आत! केबल डिस्कलाच जडलेली, म्हणजे तिकडूनही सुटका नाही.

"कापा की, मास्टर," ड्रायव्हर म्हणाला.

"काज कापलं की कापड मेलं."

"बाबा, आज नाही पोचले तर संपलं सगळं," लेक म्हणाली.

मास्टरांनी तिच्याकडे पाहिलं. आपल्या हातची शिवण त्यांनी जन्मात उसवली नव्हती. सदरा तंग झाला, तर ते गिऱ्हाइकाच्या जेवणाला दोष देत. आता मात्र त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायरी सोडवल्या आणि कात्रीच्या पात्याचं टोक बाजूच्या शिवणीत घातलं. टर्रकन आवाज झाला, तसे त्यांनी डोळे मिटले.

झगा निघाला. काजात अडकलेल्या डिस्कसकट तो खांद्यावर टाकून लेक जिना उतरली.

"समितीनं विचारलं, हे काय, तर काय सांगू?" ती गाडीच्या खिडकीतून ओरडली.

"काज हातचं आहे म्हणावं!" मास्टर गाडीमागे धावत म्हणाले. "मशीनचं नव्हे! आणि डिस्क मागितली, तर त्यांना झगा धरून ओढू देऊ नकोस!"