नव्या लॉरीतला ठोका

आमची लॉरी सुरतेहून आली तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. लहानशीच गाडी. पुढे दोघांची बैठक, मागे उघडा लाकडी हौदा. नंदुरबारहून मीठ, गूळ, घासलेट भरून खापरच्या बाजाराला न्यायचं आणि येताना सुक्या मिरचीची पोती आणायची, असा यांचा बेत होता. माहेर आणि सासर, दोन्हीकडे कुंभारकाम. यांनी मात्र चाक सोडून सुरतेत मोटार हाकायची विद्या घेतली होती.

मी यांच्याशेजारी बसून जायचे, याचं गावात फार नवल झालं. "बायकोले मोटारमा फिरावस," असं बाया पाणवठ्यावर म्हणत. खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. लहानपणी कान फुटून यांना उजव्या कानानं मुळीच ऐकू येत नव्हतं, आणि डाव्यानं अर्धंमुर्धं. मागून कुणी मोटारीचा भोंगा वाजवला की मी यांच्या दंडाला हात लावायचे. लग्नाआधी हे कुणी मला सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी मला कळलं, पण मी ते बोलून दाखवलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

महिनाभरानं तो ठोका सुरू झाला. उन्हाळ्यात तापीच्या पात्रात वाळूवर फांद्या अंथरून गाड्यांची वाट करत. ती ओलांडून पलीकडचा काठ चढताना इंजिनातून ठक, ठक, ठक असा आवाज आला. सपाटीला लागल्यावर गेला.

"थांबा, आवाज ई ऱ्हायना," आवाज येत होता तेव्हाच मी म्हटलं.

यांनी गाडी थांबवली, डावा कान पुढे केला. "माले काही आयकू येत नही वं."

नंतर प्रत्येक फेरीला तो येऊ लागला. माल भरलेला, इंजिन तापलेलं आणि चढ लागलेला, असं असलं की हमखास. रिकाम्या गाडीला कधीच नाही.

लॉरीबरोबर गॅरंटीचा कागद होता. सहा महिन्यांत काही बिघडलं तर विकणारे दुरुस्त करून देतील, पण दुसऱ्या कुणी इंजिनाला पाना लावला तर कागद रद्द. म्हणून गावातल्या मिस्त्रीला दाखवायची सोय नव्हती. यांनी सुरतेला पत्र टाकलं.

आठवड्यानं सुरतेचा मिस्त्री आगगाडीनं आला. पन्नाशीचा, डोक्यावर काळी टोपी, स्वच्छ कोट. त्यानं इंजिन सुरू केलं, स्टेशनपर्यंत एक चक्कर मारली आणि कागदावर लिहिलं, दोष नाही. पुन्हा पत्र गेलं, पुन्हा तो आला, पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला तो जरा चिडलाच.

"शेठ, आवाज कसा येतो, तुम्हीच करून दाखवा ना," तो मोडक्या मराठीत यांच्या उजव्या बाजूनं म्हणाला.

यांना ऐकूच गेलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, मग मोठ्यानं. मग त्याच्या सगळं ध्यानात आलं.

"अरे, तुम्हाला तर ऐकायलाच येत नाही! मग इंजिनाची तक्रार कशाच्या जोरावर करता?"

अंगणात शेजारचे चार पुरुष उभे होते. हे मान खाली घालून चाकाकडे बघत राहिले. मी दाराआड उभी होते. परक्या पुरुषासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. पदर पुढे ओढून मी अंगणात आले.

"आवाज मी ऐकलाय," मी म्हटलं. "भरली गाडी काठ चढते तेव्हा येतो. तुम्ही रिकामी गाडी सपाटीवर फिरवता, तर कसा येईल?"

तो हसला. "बेन, तुम्हाला इंजिनातलं काय कळतं?"

"इंजिनातलं काही नाही कळत. मडक्यावर टिचकी मारून तडा कुठे आहे ते मला लहानपणापासून कळतं. उद्या आमच्याबरोबर खापरला चला."

तो नाही म्हणाला असता. पण शेजारी बघत होते, आणि मुळात माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. हे चालवायला, मिस्त्री शेजारी, मी मागे मिठाच्या पोत्यांवर. काठ चढू लागलो तशी मी फळीवर थाप मारली. त्यानं मान हलवली. त्याला काही वेगळं वाटलं नव्हतं. तळोद्यापुढच्या चढावर मी पुन्हा थाप मारली. या वेळी त्यानं यांना गाडी थांबवायला सांगितलं, इंजिन मात्र वेग वाढवून चालूच ठेवायला लावलं; तापलेल्या इंजिनात ठोका आता उभ्यानंही येत होता.

"बेन, तिकडे तोंड करून उभ्या राहा. आवाज गेला तर सांगा."

मी शेताकडे तोंड केलं. त्यानं इंजिनाचं झाकण उघडलं. नंतर कळलं, लाकडी मुठीच्या पेचकसानं तो एकेका सिलिंडरची ठिणगी तोडत होता. इंजिन अडखळायचं, पुन्हा सावरायचं. आवाज होताच.

"गेला," मी म्हटलं.

त्यानं पेचकस काढून घेतला. मग पुन्हा तोच उद्योग, उलटसुलट क्रमानं. मी पुन्हा म्हटलं, "आता गेला." मग आणखी एकदा.

मी वळले तेव्हा तो टोपी हातात घेऊन उभा होता. "तिन्ही वेळा तिसरा सिलिंडर," तो यांना डाव्या बाजूला जाऊन म्हणाला. "माझ्या कानाला नीट लागत नाही. पण बेनचं चुकलेलं नाही."

खापरला माल उतरवून बाजाराशेजारच्या चिंचेखाली त्यानं इंजिन खालून उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग झिजून सैल झालं होतं. तेलाच्या वाटेत ओतकामाची बारीक कपची अडकली होती, कारखान्यातूनच आलेली. आम्ही तिथे तीन दिवस राहिलो, सुरतेहून नवं बेअरिंग येईपर्यंत. एका पावरा आदिवासी कुटुंबानं आम्हाला आपल्या पडवीत जागा दिली, ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ घातली. मिस्त्री त्या घरातल्या मुलांना हातरुमालाचे ससे करून दाखवत बसायचा.

दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्यांनी केला. मिस्त्रीनं कागदावर आधीची ओळ खोडून लिहिलं, "दोष कारखान्याचा. मालकाच्या पत्नीने ओळखला." ते वाचून यांनी तो कागद मला दिला, आणि कान कसा फुटला ते पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं सांगितलं. किती तरी वेळ सांगत होते. मी सगळं ऐकलं.

पुढे लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं आणि लॉरी एका जंगल ठेकेदाराला विकली. तो न्यायला आला त्या सकाळी यांनी ती विहिरीवर नेऊन धुतली, हौद्याच्या फळ्यांत अडकलेली मिरचीची साल न् साल काढली. तरी ठेकेदार बसता बसता शिंकलाच, आणि आम्ही दोघंही हसलो. गाडी वळणाआड गेल्यावर हे ओले हात धोतराला पुसत आत आले आणि म्हणाले, "चाय ठेव वं." मी चूल पेटवली.