सुपडामायची थाळी

सुपडामाय रोज सकाळी चूळ टाकायची ती पाटलाच्या घराकडे तोंड करून. मी शहाद्याकडच्या त्या गावात नवी सून म्हणून आले तेव्हा शेजारणीचं हेच पहिलं दर्शन झालं.

कारण गावाला ठाऊक होतं. मी येण्याआधीच्या चैत्रात पाटलाच्या खळ्यावर गव्हाची मळणी चालली होती. सातपुड्यावर ढग काळवंडले, तसा सुपडामायचा एकुलता मुलगा नामदेव मळणीचे बैल सोडू लागला. पाटील म्हणाला, "डोंगरनं डोंगरमाच पडस. हाक बैल." वादळ यायचं ते मावळतीकडूनच, असं सगळेच मानत. त्या दिवशी ते डोंगरातून उतरलं. पाटील घोडीवरून घरी पोचला. नामदेव लिंबाखाली थांबला आणि वीज त्याच लिंबावर पडली.

सुपडामाय रडली, आणि मग तळोद्याच्या बाजारात डोंगरातल्या एका पावरा आदिवासी बाईपाशी बसून डोंगरातलं वादळ ओळखायला शिकून आली. दुपारभर घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर, बसायची. मलाही शिकवलं. "ढगनं पोट हिरवं दिखनं का समज. वारा पडना का थाळी वाजाड." गावात थाळी वाजे ती मुलगा जन्मला की. लोक नावं ठेवत. ती म्हणे, "पोऱ्या व्हयना का वाजस, मंग पोऱ्या वाचाडाले का बरं नही?"

हळूहळू थाळी ऐकून रानातली माणसं परतू लागली. पाटील तेवढा हसायचा. त्याच्या खळ्यावर कधी तरी वीज पडेल, याची ती वाट बघत असणार असं मला वाटे. खरं सांगते, मी तर बघतच होते.

आणि एका चैत्रात ढगाचं पोट हिरवं झालं. थाळी वाजली, सगळे परतले. पाटलाचा दगडू मात्र बापाच्या धाकानं खळ्यावरच राहिला. मी म्हटलं, "माय, ऱ्हाऊ दे. पडू दे एकदाव."

तिनं थाळी माझ्या हातात दिली आणि शिडी उतरली. गारांच्या माऱ्यात दगडूला मनगट धरून ओढत आणलं, पाटलाच्या दारात उभं केलं. तिच्या कपाळातून रक्त गळत होतं. "हाऊ आते तुन्हा नही, मन्हा शे," ती म्हणाली. "मी मरसू तवय मले आग हाऊच दी."

पाटलाला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. काही वर्षांनी सुपडामाय गेली, तेव्हा दगडू कुणी न बोलावता तिच्या अंगणात न्हाव्यापुढे बसला. बाप जिवंत असताना मुलानं डोकं भादरू नये. पाटलानं भर अंगणात त्याच्यापुढे हात जोडले. दगडू उठला नाही.

आमच्याकडे बायका मसणात जात नाहीत. मी धाब्यावर चढले. पुढे दगडू, तुळतुळीत डोक्याचा, हातात विस्तवाचं मडकं. मागे त्याचा जिवंत बाप. आभाळात ढग नव्हता. तरी मी थाळी वाजवली. पाटलानं वर पाहिलं, तेव्हा आणखी जोरात वाजवली.