ढुंगणटेकाचं शुद्धीकरण

श्रीधर मोडकांनी पोस्टाच्या छाननी विभागात चौतीस वर्षं काढली. कुणी नुसतं 'मु. पो. वरची आळी' लिहून पत्र टाकलं, तरी ते बरोबर माणसाच्या हाती पोचवण्याची त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर पत्रं गेली, पण सवय राहिली. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या फलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी आठवड्यात सुधारले. मग भाजीवाल्याची 'कोथींबीर' सुधारली. मग लोकांच्या घरच्या लग्नपत्रिका, त्याही छापून आल्यावर. मोडकवहिनी, म्हणजे हेमाताई, जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "यांना घेऊन जा हो कुणीतरी. काल माझ्या पोळीचा घेर तपासत होते."

घेऊन गेली त्यांची पुतणी तनया. ती विद्यापीठात संशोधन करते. शहराच्या कडेची, हल्लीच महापालिकेत ओढली गेलेली गावं तिच्या अभ्यासाचा विषय. रस्ते आणि घरं दाखवणारे नकाशे पुष्कळ आहेत. तिला जमिनीचा स्वभाव दाखवणारा नकाशा करायचा होता. कुठे शेत, कुठे माळ, कुठे ओढा आणि माणसं तिथे नेमकं काय करतात. त्यासाठी ती तीन गोष्टी एकत्र करत होती. उपग्रहानं काढलेले फोटो, जनगणनेचे आकडे आणि लोकांनी स्वतः एका खुल्या नकाशावर घातलेली माहिती. त्या नकाशावर कुणीही नाव घालावं, फोटो टाकावा, चुकलं असेल तर बदलावं.

"काका, व्हॉलंटियर व्हाल का? नावं तपासायला नीट माणूस हवाय," तनया म्हणाली.

'तपासायला' हा शब्द ऐकून मोडक इतके खूश झाले की त्यांनी चहा अर्धा टाकला.

त्यांच्या वाट्याला वाघदरे गाव आलं. घरी बसून त्यांनी आधी उपग्रहाचा फोटो पाहिला. गावाच्या वर एक मोठा तपकिरी पट्टा होता. झाड नाही, पीक नाही. मोडकांनी नोंद केली, 'पडीक.' जनगणनेच्या तक्त्यात गावातल्या निम्म्या बायकांपुढे काम नसल्याचं लिहिलं होतं. तेही त्यांनी टिपलं. लोकांनी घातलेले फोटो दोनशे बारा निघाले. त्यातले एकशे सत्तर टेकडीवरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचे, तीसेक मिसळीचे, उरलेले एकाच कुत्र्याचे. एवढ्या माहितीवर मोडकांना गाव पुरतं कळलं आणि ते स्कूटर काढून उरलेल्या किरकोळ गोष्टी बघायला निघाले.

वाघदऱ्यात तनयानं दत्तोबांचं घर सांगून ठेवलं होतं. दत्तोबा सत्तरीचे, कमी बोलणारे शेतकरी. त्यांच्या बायकोनं, शकूबाईंनी, ती कसर भरून काढलेली. मुलगा रविराज पिकअपमधून भाजी मार्केट यार्डाला नेतो, मुलगी तेजस्विनी एका कंपनीत नोकरी करते. मोडकांनी ओसरीवर बसून मोबाइल पुढे धरला आणि नकाशा दाखवला.

"ह्ये तपकिरी काय हाय?" शकूबाईंनी विचारलं.

"तो वरचा माळ. पडीक आहे."

"कोन म्हनतं?"

"उपग्रह."

"त्यो कवा आला हुता हितं?"

मोडकांनी तारीख पाहिली. फोटो गेल्या मेमधला होता.

"मंग बराबर हाय," शकूबाई म्हणाल्या. "मे म्हैन्यात समदंच तपकिरी. आवो, आमच्या सा म्हशी त्या माळावर जगत्यात. पावसाळ्यात भारंगी, चिवळ असली रानभाजी तिथनंच आनती मी. दिवाळी झाली का मेंढरं बसत्यात. घराच्या झाडूला लागतंय ते गवत बी तिथलंच. आन् तुमी पडीक म्हनताय!"

"आणि तुम्ही काय काम करता?" मोडकांनी तक्ता आठवून जरा चाचरत विचारलं.

"म्या?" शकूबाईंनी दत्तोबांकडे पाहिलं. "सांगा की वो, म्या काय करती."

दत्तोबांनी विचार केला. "त्येनला म्हना, सकाळी पाचला या आन् रातच्याला जावा. कळंल."

घरी येऊन मोडकांनी हा प्रकार सांगितला तेव्हा हेमाताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "उपग्रहातून तुमचं डोकंही पडीकच दिसत असणार." मोडकांनी 'पडीक' खोडलं.

त्यानंतर मात्र त्यांना गोडी लागली. आठवड्यातून तीनदा ते वाघदऱ्याला जाऊ लागले. शकूबाई पुढे, मोडक वही घेऊन मागे. त्यांना कळलं की गावात प्रत्येक तुकड्याला नाव आहे. ओढ्याच्या वळणाला कोपरी, वरच्या खाचराला सासूचं वावर, खालच्याला सुनंचं. सुनेचं मोठं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचलेल्या माणसाला इतके नवे पत्ते एकदम मिळाले, तो लहान मुलासारखा हरखला.

अडचण एकाच नावाची होती. गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर कमरेइतक्या उंचीचा एक सपाट खडक आहे. त्याला सारं गाव ढुंगणटेक म्हणतं. रविराजनं आपल्या ड्रायव्हरांना सापडावं म्हणून ते नाव नकाशावर आधीच घालून ठेवलं होतं. मोडकांनी ते पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. विद्यापीठात जाणारा नकाशा! उद्या कुणी परदेशी प्राध्यापक अर्थ विचारेल, तर तनयानं काय सांगायचं? त्यांनी दोन दिवस शब्दकोश चाळला, 'आसनशिला' करून पाहिलं, ते फार योगासारखं वाटलं आणि शेवटी ढुंगणटेक पुसून तिथे लिहिलं, 'विश्रामशिळा'. तनयाला सांगितलं नाही. शुद्धलेखनाची दुरुस्ती कुणी सांगून करतं का?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तेजस्विनीचं लग्न होतं. मुलगा फलटणकडचा, समर्थ नावाचा. मोडक दांपत्याला आग्रहाचं बोलावणं होतं. घरापुढच्या मांडवात मोडकांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा. साडेअकरा झाले तरी वऱ्हाडाच्या दोन बसगाड्यांचा पत्ता नव्हता.

रविराज फोनवर ओरडत होता. "अहो, मी मेसेज केला होता ना! मॅपवर ढुंगणटेक टाका, तिथनं डावीकडं! ... नाही म्हणजे? सापडत नाही कसं? ... मग आत्ता कुठं आहात? ... खाणीपाशी?"

खाण फाट्याच्या तीन किलोमीटर पुढे होती. तिथे रस्ता संपतो आणि मोठी गाडी वळवायला फार घाम गाळावा लागतो.

रविराजनं स्वतःच्या मोबाइलवर शोधून पाहिलं. "च्यायला, नाव गेलं कुठं? कुणीतरी विश्रामशिळा केलंय. कोण हा शहाणा?"

मोडकांच्या शेजारी बसलेल्या हेमाताईंनी मान न वळवता विचारलं, "अहो, तुम्ही का हो इतके घामेजलात?"

मोडक उठले. ते दत्तोबांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी केलं. मला ते नाव... बरं दिसलं नाही."

दत्तोबा नवऱ्या मुलीचा बाप. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तरी कुणाचं काही म्हणणं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "सायेब, मंग आता तुमीच आना त्येनला."

मोडकांनी नव्या झब्ब्यात स्कूटरला किक मारली. रविराजनं फोन करून गाड्या मागे फिरवायला लावल्या होत्या, पण फाट्यावर तीन वाटा फुटतात आणि ड्रायव्हर आता कुणावरच विश्वास ठेवायला तयार नव्हते. मोडक फाट्यावर पोचले आणि रस्त्यावरून दिसावं म्हणून त्या खडकावर चढले. खाणीकडून परतणारी पहिली बस धुळीतून आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ओ काका! ढुंगणटेक कुठं आलं?"

उभ्या आयुष्यात मोडकांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. त्यांनी नुसता हात दाखवून पाहिला. ड्रायव्हरला वाटलं, काका 'पुढे जा' म्हणतायत. त्यानं गाडी सरळ काढली. तेव्हा पोस्टाच्या सेवेतला तो शालीन माणूस दोन्ही हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडला, "हेच! हेच ढुंगणटेक! आता उजवीकडे वळा!"

बस करकचून थांबली. आतल्या करवल्या हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मागच्या बसमधल्या कुणीतरी व्हिडिओ काढला. तो आजही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. पाठवणाऱ्या हेमाताईच असतात.

मुहूर्त अकरा मिनिटांनी चुकला. भटजींनी लगेच दुसरा काढून दिला, तो पहिल्याहून चांगला असल्याचंही सांगितलं.

जेवणं उरकल्यावर मोडक एका कडेला बसून मोबाइलवर नाव परत घालत होते. शकूबाई पान खात शेजारी येऊन टेकल्या. मोडकांनी माफी मागितली. त्यांनी ती कानाआड केली.

"माजी सासू रोज दुधाची हंडी डोक्यावर घिऊन पुन्याला जायाची," त्या म्हणाल्या. "चालत. डोक्यावरचं वझं उतरवाया दुसरं मानूस लागतं. एकटी बाई काय करनार? त्यो धोंडा बराबर तेवढ्याच उंचीचा हाय. वाकलं का हंडी त्येच्यावं, आन् शेजारी आपन टेकायचं. चार कोसात बसाया तेवढीच जागा. तिथं समद्या बाया बोलत बसायच्या. माज्या लग्नाचं बी तिथंच ठरलं, माजी आय आन् सासू बसल्या हुत्या तवा. मी तवा धा वर्साची."

मोडकांनी विचारलं, "हे असंच्या असं लिहू?"

"ल्हिवा की. पर 'आन्' चं 'आणि' करू नका."

तनयाचा अहवाल दिवाळीनंतर झाला. त्यात वाघदऱ्याच्या माळाला 'पडीक' म्हटलेलं नाही. 'सामायिक वापराचा माळ' असा वेगळा रंग दिला आहे आणि कोणत्या महिन्यात कशासाठी, हेही लिहिलंय. ती म्हणते, हा रंग आणखी चार गावांत लागला. शकूबाई आता स्वतः मोबाइलपुढे बोलून माहिती घालतात. त्यांच्या नोंदी एकशे एक्क्याण्णव झाल्या, मोडकांच्या एकशे चाळीस. मोडकांच्या मते संख्येला महत्त्व नसतं. आधी ते असं म्हणत नसत.

गेल्या महिन्यात शकूबाईंनी त्यांना कड्याखालची आग्या मोहोळाची कपार दाखवली आणि बजावलं, "ही घालायची न्हाय. घातली का फोटूवाले येत्यात, धूर करत्यात, माश्या जात्यात." मोडकांनी घातली नाही. तनयानं विचारलं, काका, कड्याखाली एवढी जागा कोरी का? तर म्हणाले, "तिथे काही नाही." आणि हे सांगताना ते इतके प्रसन्न दिसत होते की तिनं पुढे विचारलं नाही. सध्या त्यांच्याकडे डोंगरापलीकडचं गाव आलंय. हेमाताई या वेळी स्कूटरवर मागे बसून जातात. वही त्यांच्याकडे असते.